दिवाळखोर कंपनीने दावा लावला, तर आपल्या खर्चाची हमी कोण देणार?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी लेस्टरमध्ये भारतीय किराणा माल आयात करणारी छोटी लिमिटेड कंपनी चालवतो. गोदामात शीतगृह बांधण्याचे काम एका ठेकेदार कंपनीला दिले होते. काम सदोष आणि अर्धवट राहिले, म्हणून आम्ही तिची शेवटची बिले थांबवली आणि दुसऱ्या ठेकेदाराकडून 70,000 पौंड खर्चून दुरुस्ती करून घेतली. दरम्यान पहिली कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची देणी भागवण्याच्या प्रक्रियेत गेली आणि आता ही प्रक्रिया चालवणाऱ्या लिक्विडेटरने तिच्या नावाने आमच्यावर 1,80,000 पौंडांचा दावा लावला आहे. निकालापर्यंत आमचा खर्च 90,000 पौंडांच्या घरात जाईल, असे आमचे सॉलिसिटर सांगतात. खटला जिंकलो तरी बुडालेल्या कंपनीकडून हा खर्च कसा वसूल होणार? तिने आधीच कोर्टात पैसे भरावेत, अशी मागणी आम्हाला करता येते का? आणि तशी मागणी करणे म्हणजे दुसऱ्याचा न्यायाचा रस्ता अडवणे नव्हे का? शिवाय पुण्याच्या एका पुरवठादाराकडे आमचे पैसे अडकले आहेत. तिथे दावा केला, तर हीच हमी उलट आमच्याकडे मागतील का?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. अशी मागणी तुम्हाला करता येते आणि ती आताच करायला हवी. इंग्लंड आणि वेल्समधील दिवाणी कोर्टांत हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याचा खर्च द्यावा, हा सर्वसाधारण नियम आहे. पण हरणाऱ्याची तिजोरी रिकामी असेल तर तो नियम कागदावरच राहतो. म्हणून सिव्हिल प्रोसीजर रूल्सच्या 25 व्या भागात अशी तरतूद आहे की, वादी कंपनी असेल आणि हरल्यास ती प्रतिवादीचा खर्च देऊ शकणार नाही असे मानायला कारण असेल, तर कोर्ट तिला त्या खर्चापोटी हमी द्यायला सांगू शकते. ही तरतूद जुनी आहे आणि 1862 च्या कंपनी कायद्यातही ती होती. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीमागचे भागधारक स्वतःच्या मालमत्तेतून काही देणे लागत नाहीत, आणि त्या सवलतीचा भार निष्कारण कोर्टात खेचल्या गेलेल्या प्रतिवादीवर पडू नये, हा तिचा हेतू आहे. एखादी व्यक्ती गरीब आहे एवढ्यावरून तिच्याकडे अशी हमी मागता येत नाही. कंपनीकडे मात्र मागता येते.

तुमच्या अर्जात पहिली पायरी सोपी आहे. कंपनी लिक्विडेशनमध्ये असणे हाच ती खर्च देऊ शकणार नाही याचा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो, आणि 1878 च्या एका निवाड्यापासून ही भूमिका चालत आली आहे. तरीही तेवढ्यावर थांबू नका. कंपनीज हाउस या ब्रिटनमधील कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या नावाखाली दाखल झालेले कागद फुकट पाहता येतात, त्यांतील दोन उतरवून घ्या. पहिला म्हणजे लिक्विडेशनच्या सुरुवातीला दाखल होणारे मालमत्ता आणि देण्यांचे विवरण, ज्याला स्टेटमेंट ऑफ अफेअर्स म्हणतात. त्यात प्रत्येक मालमत्तेसमोर दोन आकडे असतात, एक हिशेबवहीतील किमतीचा आणि दुसरा प्रत्यक्षात किती पैसे येतील त्याचा, आणि शेवटी बिनतारण धनकोंच्या वाट्याची तूट लिहिलेली असते. तुमच्यावरचा दावा ‘येणे’ म्हणून त्यात कोणत्या किमतीला धरला आहे, तेही पाहा. कंपनीच्या संचालकांनी 1,80,000 च्या येण्यासमोर प्रत्यक्ष वसुलीचा आकडा फारच लहान किंवा ‘अनिश्चित’ असा लिहिला असेल, तर ती नोंद पुढे दाव्याच्या गुणवत्तेबद्दलही बोलेल. दुसरा कागद म्हणजे लिक्विडेटरचा वार्षिक प्रगती अहवाल. त्याला जोडलेल्या जमाखर्चाच्या पानावर हातात किती रोकड शिल्लक आहे आणि लिक्विडेटरची स्वतःची फी किती थकली आहे, हे एका नजरेत कळते.

या ठिकाणी लिक्विडेटरचे वकील एक मुद्दा मांडतील. लिक्विडेटरने चालवलेला दावा कंपनी हरली, तर प्रतिवादीचा खर्च हा लिक्विडेशनचा खर्च धरला जातो आणि तो सामान्य धनकोंच्या, इतकेच नव्हे तर कराच्या देण्याच्याही आधी चुकता होतो, तेव्हा हमीची गरजच काय, असे ते म्हणतील. हा अग्रक्रम कायद्याने खरा असला, तरी खात्यात काहीच नसेल तर रांगेत पुढे उभे राहून हाती काय लागणार? जमाखर्चाचे ते पान जोडल्याशिवाय तुमचा अर्ज पाठवू नका, असे मी म्हणतो ते यासाठीच.

खरी लढाई दुसऱ्या पायरीवर होते. कंपनी खर्च देऊ शकणार नाही एवढे सिद्ध झाले म्हणून हमीचा हुकूम आपोआप मिळत नाही. सर्व परिस्थिती पाहता तो न्याय्य आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. कोर्ट ऑफ अपीलचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी 1973 साली ट्रिप्लान कंपनीच्या प्रकरणात हा कोर्टाचा स्वेच्छाधिकार असल्याचे ठामपणे सांगितले आणि काय काय तपासायचे तेही नोंदवले. दावा प्रामाणिक आहे का, त्यात दम आहे का, प्रतिवादीने काही रक्कम कबूल केली आहे का, हमीचा अर्ज एका खऱ्याखुऱ्या दाव्याचा गळा दाबण्यासाठी वापरला जातो आहे का, कंपनीची हलाखी प्रतिवादीनेच ओढवली आहे का, आणि अर्जाला उशीर झाला आहे का, असे ते मुद्दे आहेत. दाव्याच्या गुणवत्तेत कोर्ट या टप्प्यावर खोल शिरत नाही. कोणत्याही एका बाजूच्या यशाची दाट शक्यता उघड दिसत असेल तेवढीच ते विचारात घेते. म्हणून शीतगृहातील प्रत्येक दोषाचे फोटो आणि तज्ज्ञांचे अहवाल या अर्जाला जोडून न्यायाधीशांचा वेळ घेऊ नका, ते मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवा.

तुमच्याविरुद्ध हमखास येईल तो आरोप असा की, ‘तुम्ही बिले थांबवलीत म्हणूनच कंपनी बुडाली.’ हे नुसते म्हणून चालत नाही, ते पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर असते. तुमची थकबाकी सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांचे तिचे ताळेबंद कंपनीज हाउसवर असतील. त्यांत आधीपासूनच देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील किंवा इतर ठेकेदारांची आणि कराची देणी साचलेली असतील, तर आरोपाचा जोर ओसरतो. उलट कंपनी सुदृढ होती आणि तुमच्या बिलांनंतर काही आठवड्यांतच ती कोसळली असे दिसले, तर मात्र तुमचा अर्ज अडचणीत येईल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

आता तुमच्या मनातील न्यायाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण कोर्टही त्याच प्रश्नापाशी सर्वांत जास्त थांबते. कंपनीच्या नावाने चाललेला दावा जिंकला तर पैसे धनकोंना मिळतात, आणि हरला तर त्यांचे नव्याने काहीच जात नाही. नुकसान एकट्या प्रतिवादीचे होते. हा तोल सावरणे म्हणजे कुणाचा रस्ता अडवणे नव्हे. दुसरीकडे, केवळ पैसे नाहीत म्हणून खरा दावा मरू देणे हाही अन्यायच आहे आणि ते कोर्टांना चांगले ठाऊक आहे. कीअरी डेव्हलपमेंट्स विरुद्ध टार्मॅक कन्स्ट्रक्शन या कोर्ट ऑफ अपीलच्या निकालात या दोन अन्यायांचा तोल कसा पाहायचा ते सविस्तर सांगितले आहे. हमीमुळे दावा गुदमरेल असे कंपनीला म्हणायचे असेल, तर तिने स्वतःकडे पैसे नाहीत एवढे सांगून भागत नाही. संचालक, भागधारक, पाठीराखे किंवा दाव्यातून ज्यांना लाभ होणार आहे अशा धनकोंकडूनही पैसे उभे राहू शकत नाहीत, हे तिने दाखवावे लागते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली गोल्डट्रेल ट्रॅव्हल विरुद्ध ओनुर एअर या प्रकरणात, अपील चालवण्यासाठी घातलेल्या रक्कम भरण्याच्या अटीबाबत हीच कसोटी लावली. कंपनीच्या मागे श्रीमंत माणूस उभा आहे एवढ्यावरून तिला पैसे मिळतीलच असे गृहीत धरू नये, मात्र ते मिळणार नाहीत हे कंपनीने विश्वासार्ह पुराव्यानिशी दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा तुम्ही अर्ज केलात म्हणून एखादा खरा दावा तुमच्या हातून बुडेल, ही भीती मनातून काढून टाका. तो बुडू नये याची काळजी घ्यायला न्यायाधीश बसलेले आहेत. तुमचे कर्तव्य एवढेच की, समोरच्याला चिरडण्यासाठी फुगवलेला आकडा मागू नये.

तुमच्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्या 70,000 पौंडांची. दुरुस्तीचा हा खर्च तुमचे वकील प्रतिदावा म्हणून मांडणार असतील, तर आधी त्यांच्याशी सविस्तर बोला. दावा आणि प्रतिदावा एकाच घटनाक्रमातून निघालेले असतील, तर कोर्ट हमीचा हुकूम द्यायला कचरते, कारण दावा थांबवला तरी तेच मुद्दे, तेच साक्षीदार आणि तोच खर्च प्रतिदाव्याच्या निमित्ताने चालूच राहणार. मग ती हमी तुमच्या बचावाची न राहता तुमच्याच प्रतिदाव्याची होऊन बसते. 1990 साली क्रॅबट्री इन्सुलेशनच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने हा मुद्दा मांडला आणि बांधकामाच्या भांडणांत तो वारंवार पुढे येतो. तुमच्यासाठी वाट अशी आहे की, ही रक्कम स्वतंत्र प्रतिदावा न करता केवळ वजावट म्हणून बचावात मांडायची. लिक्विडेशनमध्ये परस्परांच्या देण्याघेण्याची वजावट 2016 च्या दिवाळखोरी नियमांतील 14.25 व्या नियमाप्रमाणे आपोआप होते आणि उरलेली शिल्लकच देय ठरते, म्हणजे तुमचे 70,000 पूर्ण किमतीने वजा होतात. स्वतंत्र प्रतिदाव्याचा हुकूम मिळवूनही बुडालेल्या कंपनीकडून तुम्हाला पौंडामागे काही पेन्सच मिळाले असते. प्रतिदावा आधीच दाखल झाला असेल, तर मुख्य दावा रद्द झाल्यास आपण तोही पुढे चालवणार नाही, असे लेखी वचन कोर्टाला देता येते, आणि त्याने हा अडथळा बराचसा दूर होतो.

याच अनुषंगाने एक सावधगिरी बाळगा. समझोत्याच्या उघड पत्रात तुम्ही ‘एवढे देणे आम्हाला मान्य आहे’ असे लिहिलेत, तर ते तुमच्या अर्जाविरुद्ध धरले जाईल. वाटाघाटी करायच्याच असतील तर त्या ‘विदाउट प्रेज्युडिस’ या शिक्क्याखाली करा, म्हणजे त्या कोर्टासमोर येत नाहीत. पण थांबवलेल्या बिलांपैकी काही रक्कम खरोखरच देय असेल, तर ती देऊन टाकणे उत्तम. तेवढ्यापुरता दावा लहान होतो, आणि उरलेल्या भागाबद्दल तुमचे म्हणणे अधिक वजनदार ठरते.

अर्जाआधी लिक्विडेटरच्या सॉलिसिटरना पत्र पाठवून, हरल्यास आमचा खर्च कुठून द्याल, असे सरळ विचारा. बहुधा उत्तर येईल की, ‘आम्ही विमा घेतला आहे.’ खटल्यात हरल्यास समोरच्याचा खर्च भरून देणारा हा विमा लिक्विडेटर अनेकदा घेतात. केवळ तेवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. विमाधारकाने माहिती लपवली किंवा चुकीची दिली म्हणून विमा कंपनीला पॉलिसी रद्द करता येते का, रक्कम थेट तुम्हाला मिळते की लिक्विडेटरच्या खात्यातून फिरते, आणि विम्याची कमाल मर्यादा तुमच्या खर्चाला पुरते का, ही कलमे बारकाईने वाचा. 2017 साली प्रीमियर मोटरऑक्शन्सच्या प्रकरणात लिक्विडेशनमधील दोन कंपन्यांनी प्राइसवॉटरहाउसकूपर्स आणि लॉइड्स बँकेवर दावा लावला होता. त्यांच्याकडे असा विमा होता, पण पॉलिसी रद्द करण्याचा हक्क विमा कंपनीने सोडलेला नव्हता, म्हणून कोर्ट ऑफ अपीलने तो पुरेसा मानला नाही आणि हमी देण्याचा हुकूम केला. याउलट, कोणत्याही कारणाने पॉलिसी रद्द करणार नाही असे कलम त्यात जोडून दिले असेल, तर तुमचा अर्ज मागे घेणेच शहाणपणाचे ठरेल, कारण तुम्हाला हवे ते संरक्षण तेव्हा मिळालेले असते.

किती रक्कम मागावी? तुमच्यावरचा दावा 1,00,000 पौंडांच्या वरचा असल्याने तो मल्टी-ट्रॅकवर, म्हणजे मोठ्या दाव्यांसाठीच्या मार्गावर जाईल आणि खर्चाचे अंदाजपत्रक कोर्टापुढे येईल; हमीचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. जिंकणाऱ्यालाही प्रत्यक्ष खर्चापैकी साधारण साठ ते सत्तर टक्केच परत मिळतात, त्यामुळे 90,000 च्या खर्चासाठी 90,000 ची हमी मागणे कोर्टाला रास्त वाटणार नाही. पुष्कळदा ती टप्प्याटप्प्याने मंजूर होते. आधी कागदपत्रे उघड करण्याच्या टप्प्यापर्यंतची, मग साक्षींची, मग सुनावणीची. ती कोर्टात पैसे भरून, बँकेच्या हमीने किंवा भक्कम विम्याने देता येते. मुदतीत ती दिली नाही तर दावा स्थगित होतो, आणि ‘अमुक मुदतीत हमी द्या, नाहीतर दावा रद्द’ अशा पुढच्या हुकुमाने काढूनही टाकला जाऊ शकतो. (हेच वाचून दहा हजार पौंडांच्या आतल्या स्मॉल क्लेम्सच्या दाव्यात कुणी अर्ज करू नये. तिथे ही तरतूद लागू नाही.)

आणि आता वेळेबद्दल, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. दावा हाती पडताच कंपनी लिक्विडेशनमध्ये असल्याचे तुम्हाला समजले असेल, तर अर्जाचा काळ त्याच दिवसापासून मोजला जातो. सहा-आठ महिने थांबून, दोन्ही बाजूंचा बराच खर्च झाल्यावर सुनावणीच्या तोंडावर अर्ज केलात, तर तो फेटाळला जाईल किंवा फक्त पुढच्या खर्चापुरता मंजूर होईल. कंपनी हरल्यावर आपण लिक्विडेटरकडूनच व्यक्तिशः खर्च वसूल करू, असा विचार कुणी तुमच्या डोक्यात भरवला असेल तर तो काढून टाका. मेटॅलॉय सप्लाइजच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केले की, कंपनीच्या नावाने दावा चालवणाऱ्या लिक्विडेटरवर व्यक्तिगत खर्चाचा हुकूम केवळ अपवादात्मक परिस्थितीत होतो, आणि त्याचे एक कारण असे की, हमी मागण्याचा मार्ग प्रतिवादीच्या हाती आधीपासूनच होता. हा मार्ग वापरला नाही, तर नंतरचे दरवाजे बहुतेक बंद होतात. दावा कंपनीच्या नावाने आहे की लिक्विडेटरच्या स्वतःच्या नावाने, हेही मथळ्यात पाहून घ्या. कंपनी बुडते आहे हे कळूनही धंदा चालू ठेवणाऱ्या संचालकांविरुद्ध लिक्विडेटर स्वतःच्या नावाने जातो, तेव्हा त्याची व्यक्तिगत जबाबदारी असते आणि कंपनीवरची ही कसोटी तिथे लागत नाही.

तुमचा अर्ज मंजूर होण्याची चिन्हे दिसताच लिक्विडेटर दाव्याचा हक्क माजी संचालकाला विकून टाकू शकतो, म्हणजे वादी कंपनीऐवजी व्यक्ती होते. नॉर्ग्लेनच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, अशी विक्री वैध ठरवली आहे. मात्र खर्चाचा हुकूम चुकवण्यासाठी हक्क दुसऱ्याकडे सोपवणाऱ्याकडून, आणि नफ्याच्या वाट्यावर खटल्याला पैसा पुरवणाऱ्याकडूनही हमी मागण्याची सोय आता नियमांतच आहे, त्यामुळे असे झाले तर गोंधळून न जाता तोच अर्ज त्या सोपवणाऱ्याकडे किंवा पैसा पुरवणाऱ्याकडे वळवा. दुसरी शक्यता अशी की, लिक्विडेटर कोर्ट सोडून बांधकाम करारांसाठीच्या ॲडज्युडिकेशनच्या जलद प्रक्रियेकडे वळेल. ब्रेस्को इलेक्ट्रिकल सर्व्हिसेसच्या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनमधील कंपनीला तो मार्ग खुला ठेवला आहे, पण तिथला निर्णय बजावून घेताना हमीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पुण्याच्या तुमच्या येण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो दावा अजून दाखल झालेला नाही. भारताच्या 1956 च्या कंपनी कायद्यात 632 वे कलम इंग्लंडच्या तरतुदीसारखेच होते आणि त्यात मर्यादित कंपनीकडून खर्चाची हमी मागता येत असे. 2013 च्या कायद्यात ते कलम आले नाही. आता आधार आहे तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 25 व्या आदेशाचा. त्यानुसार कोर्ट कारणे नोंदवून कोणत्याही वादीकडून हमी घेऊ शकते. मात्र वादी भारताबाहेर राहत असेल आणि वादग्रस्त मालमत्तेखेरीज त्याची भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर हमीचा हुकूम करणे कोर्टाला भागच आहे. तुमची कंपनी इंग्लंडची असल्याने, तिच्या नावावर भारतात जमीन किंवा इमारत नसेल, तर तुमच्याकडे हमी मागितली जाईलच असे धरून चाला, आणि ती मुदतीत दिली नाही तर दावा खारीज होतो. येणे तीन लाख रुपयांच्या वर असेल, तर प्रकरण व्यापारी न्यायालयात जाईल. तिथे तातडीच्या आदेशाची गरज नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तेव्हा पुण्यातल्या वकिलांना वकालतनामा देतानाच हमीच्या रकमेचा अंदाज मागून घ्या आणि ती रक्कम वसुलीच्या हिशेबात आधीच धरून, एवढा खटाटोप परवडतो का ते ठरवा.